शिडीवरून पडल्यावर

ऑटमवा,
ता. ५ मार्च १९१७

ती. कोराताईस विनीचा शि. सा. न. वि. वि.

ताई, येत्या शुक्रवारी वकिलाकडे जाऊन घटस्फोटाच्या कागदावर सही करणार आहे. लेस्टर लॉस एंजेलिसला गेला तेव्हा दर आठवड्याला पत्र यायचं. नाताळपासून त्याचं अक्षर दिसलं नाही. पाकिटं येतात ती कुणा बाईच्या वळणदार अक्षरात. आजवर चार आली, चारही मी न फोडता परत पाठवली. नवऱ्याची खुशाली मी परक्या बाईकडून का ऐकावी?

शनिवारी त्याचा नवा विनोदी मूकपट इथे लागला. लग्नातल्या गोंधळाचा. तो शिडीवरून थेट केकवर आदळला, थिएटर नुसतं लोळलं, मीही हसले. मग नवरी झालेली मॉड नावाची नटी धावत आली. तिच्या खांद्यावर मान टाकून, दात काढत तो काहीतरी पुटपुटला. मग पडद्यावर त्याच्या बोलण्याची पाटी आली, ‘आता तुझ्याशीच संसार!’ शेजारच्या ग्रबबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तूही बघून ये, म्हणजे माझी समजूत घालायला बसणार नाहीस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी विनी

कौन्सिल ब्लफ्स,
ता. ७ मार्च १९१७

चि. विनीस अनेक आशीर्वाद.

तीन खेळ पाहिले. बये, मी बहिरी आहे आणि जन्मभर तुझे ओठ वाचत आले, हे विसरलीस वाटतं. पाट्या मागाहून दुसराच कुणी लिहितो. आवाज जात नाही म्हणून नट कॅमेऱ्यापुढे मनाला येईल ते बोलतात, आणि आम्ही बहिरे मागच्या बाकांवर ते वाचत बसतो.

लेस्टर म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते: “मॉड, उजवा हात मोडला गं. हसत राहा, नाहीतर पुन्हा पडायला लावतील. विनीला पत्र तूच लिही, मी सांगतो.”

आता सही करायची तर खुशाल कर. उत्तराची वाट बघते.

तुझी कोराताई

ऑटमवा,
ता. ९ मार्च १९१७

प्रिय लेस्टर,

वकिलाकडे गेले नाही, उद्याच्या गाडीनं निघते. हे पत्र तुला मॉडबाईच उघडून देतील; त्यांना माझा नमस्कार सांग. परत आलेली पत्रं ठेवली असशील तर तुझ्यासमोर बसून वाचीन. हात कसा आहे हे विचारायलासुद्धा लाज वाटते.

एक गोष्ट तोंडावर सांगायचं धाडस होणार नाही, म्हणून इथेच लिहिते. तू पडलास तेव्हा मी हसले होते. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

तुझीच,
विनी