कढीपूरला दोन मालगाड्या

बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी आता कंट्रोलर आहे. गाझियाबादला, सातव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. हॉलमधलं डायनिंग टेबल मी काढून टाकलं, सोफा धाकट्या जावेला दिला, आणि भिंतीच्या कडेकडेने, कमरेच्या उंचीवर, फळ्या ठोकून त्यांवर एक सिंगल लाइन टाकली. तीन स्टेशनं, एक बोगदा, एक पूल आणि बोटाएवढाले डबे. आता तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल, "या वयात खेळणी?" म्हणा. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली, मी साठी ओलांडली, नोकरीतून निवृत्त झाले. त्या कपाळावरच्या चष्म्याला मी आता घाबरत नाही.

आणि खेळणी नुसती गोल गोल फिरतात. आमच्या गाड्या फिरत नाहीत, कामाला जातात. महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो आणि त्या लाइनवर रेल्वेचा एक अख्खा दिवस चालवतो. त्याला आम्ही सेशन म्हणतो. टाइमटेबल असतं. प्रत्येक वाघिणीबरोबर, म्हणजे मालाच्या डब्याबरोबर, ती कुठून निघाली, कुठे जायची, याची चिठ्ठी असते. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम जलद चालवलेलं असतं, म्हणजे एका सकाळीत पूर्ण दिवस मावतो. कुणी ड्रायव्हर होतं, कुणी स्टेशनमास्तर. कंट्रोलरला मात्र गाड्या दिसत नाहीत. तो वेगळ्या खोलीत बसतो, स्टेशनमास्तर त्याला फोनवर गाड्यांची खबर देतात, आणि कुठली गाडी कुठे थांबेल, कुठली आधी सुटेल, हे तो कागदावर बघून ठरवतो. अर्थात हे मी तुम्हाला काय सांगायचं! आमच्याकडे ती वेगळी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ओट्याशेजारी घडीचं टेबल, त्यावर इंटरकॉम आणि चार्ट, आणि माझ्या कोपराशी कुकर. आमचे हे त्या दिवशी सकाळीच नोएडाला भावाकडे निघून जातात. "तुझ्या रेल्वेत माझं तिकीट नको," म्हणतात, पण जाण्याआधी रुळांवरची धूळ मात्र पुसून देतात. स्टेशनांची नावं आम्ही ते ते स्टेशन बांधलं त्या दिवशी जे जेवलो त्यावरून ठेवली. एक राजमा रोड, एक पोहेगंज आणि दोन्हींच्या मध्ये कढीपूर. कढीपूर फ्रिजच्या खोबणीत येतं, त्यामुळे तिथे जागा कमी. मेन लाइन सोडून बाजूला गाडी उभी करायची जी लूप लाइन असते ना, ती तिथे आखूड आहे. हे लक्षात ठेवा.

मला हे शिकवलं कुणी? तुम्हीच. रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही फरशीवर कोरा चार्ट पसरला आहे. तो तुम्ही खास माझ्यासाठी ऑफिसातून मागून आणला आहे, माझ्या वाढदिवसाला. आई म्हणते, लोक मुलीला फ्रॉक आणतात. तुम्ही माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल घेता. उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला वेळ, आणि तिरप्या रेघा म्हणजे गाड्या. एक इकडून येणारी, एक तिकडून.

"दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे काय पाहिजे?"

"स्टेशन."

"आणि स्टेशन नसेल तर?"

"तर टक्कर!"

"टक्कर कशी होईल, वेंधळे? कंट्रोलर कशाला बसलाय? तर एकीला आधीच थांबवायची."

मी इतकी हसले होते त्या 'वेंधळे'ला. मग रोज संध्याकाळी तुम्ही मला एक कोडं घालायचात, दादाला नाही, मला. दादाला त्यात रस नव्हता आणि तुम्हीही त्याच्या मागे लागला नाहीत. दिल्लीत पहाडगंजच्या शाळेत मराठीच्या बाई फळ्यावर कविता लिहायच्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर मेल आणि पॅसेंजरचं क्रॉसिंग काढायची. एकदा तुम्ही मला तुमच्या ऑफिसात नेलंत. कानाला हेडफोन लावलेली माणसं, लांबच लांब टेबलं, प्रत्येकापुढे तसाच चार्ट. तुम्ही हेडफोनमध्ये म्हणालात, "हां, बोलो," आणि पलीकडे कुठल्यातरी शेतामधल्या स्टेशनात एक माणूस तुमचा शब्द झेलायला उभा होता. घरी परत येताना बसमध्ये मी तुम्हाला सांगितलं की मला हेच करायचंय. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नाही.

आलं होतं. कॉलेज संपल्यावर मी रेल्वेच्या ट्रॅफिक खात्याची लेखी परीक्षा दिली, पास झाले, मुलाखतीचं बोलावणं आलं. तुम्ही दारात डब्याची वाट बघत उभे होतात.

"तू जाणार नाहीस," तुम्ही म्हणालात.

"का पण?"

"मी तिथे बसतो म्हणून. रात्रपाळ्या, शिवीगाळ. आणि एक चूक झाली की ती जन्मभर पाठ सोडत नाही. मुलींना नाही झेपायचं."

"मग शिकवलंत कशाला?"

"शिकवलं म्हणजे करायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

आई डबा हातात घेऊन म्हणाली, "अहो, नुसती जाऊन तर येऊ दे." तुम्ही तिच्या हातातून डबा घेतलात. "तू मध्ये पडू नकोस." आणि जिना उतरून गेलात. मी गेले नाही. पुढे एका मंत्रालयात लागले, चांगली नोकरी केली, बढत्या घेतल्या, माझ्या सहीसाठी लोक ताटकळले. कुणाला वाईट वाटावं असं माझ्या आयुष्यात काही झालं नाही. फक्त जे मला येत होतं ते मी केलं नाही.

आता या डिसेंबरातली गोष्ट. सेशनचा रविवार, बाहेर धुकं, आत हीटर, टेबलावर तिळाची गजक आणि किन्नू संत्र्यांची टोपली. पोहेगंजला आमचे दाताचे डॉक्टर होते. कढीपूर आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे. पॅसेंजरची ड्रायव्हर होती माझ्या ऑफिसातली मैत्रीण, मूळची अमरावतीची. मालगाड्या ज्या त्या स्टेशनचे मास्तरच चालवायचे. मॅनेजरसाहेबांनी त्या दिवशी त्यांच्या साडूंना आणलं होतं. हे गृहस्थ रेल्वेतूनच मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी लाइन बघितली, कौतुक केलं, मग स्वयंपाकघरात आले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बहनजी, आप चाय-वाय देखिए. कंट्रोल मैं संभाल लेता हूँ."

"चाय थर्मस में है, भाईसाहब," मी म्हटलं. "आप राजमा रोड संभालिए."

ते हसले आणि गेले राजमा रोडला. पहिला तासभर झकास चालला. मॅनेजरसाहेबांनी नव्या वाघिणी आणल्या होत्या, आणि मी हौसेने त्या दोन्ही मालगाड्यांना जोडायला सांगितल्या होत्या. राजमा रोडहून कोळशाची निघाली, पोहेगंजहून सिमेंटची. मी चार्टवर दोन रेघा ओढल्या. छेद बरोबर कढीपूरला. सुरेख. दोन्हींना सोडलं. आणि इंटरकॉम वाजला.

"मैडम," मॅनेजरसाहेब म्हणाले, "सीमेंटवाली मेन लाइन पर खड़ी है, पूँछ बाहर लटक रही है. कोयलेवाली सिग्नल के बाहर. लूप में दोनों में से कोई नहीं समाएगी."

मी चार्टवर पुन्हा बोट फिरवलं. गाड्या लांब केल्या मी, आणि लूप आखूड आहे हे विसरले मी. दोन्ही मालगाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या, अख्खी लाइन ठप्प, आणि पॅसेंजर राजमा रोडला अडकलेली. हॉलमधून हसणं ऐकू आलं. मग साडूंचा आवाज फोनवर आला. "अरे, उठाके रख देते हैं न दस डिब्बे! खिलौना ही तो है." आणि मग, खेळीमेळीत, म्हणजे तुम्ही बोलायचात अगदी तसंच: "इसीलिए तो लेडीज़ को कंट्रोल में नहीं बिठाते थे हम."

बाबा, तेव्हा मला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ आठवली. मी कॉलेजात आहे. तुम्ही बूट न काढता थेट स्वयंपाकघरात येता आणि पाटावर बसता. आई भेंडी चिरते आहे. तुम्ही तिला सांगता, मला नाही, पण मी तिथेच आहे. दोन लांब मालगाड्यांचं क्रॉसिंग तुम्ही अशा स्टेशनवर ठेवलंत जिथे एकही लूपमध्ये मावत नव्हती. मागून येणारी पॅसेंजर भर दुपारी माळावर उभी राहिली. डब्यांतलं पाणी संपलं. गावातल्या बायका घागरी घेऊन रुळांपर्यंत आल्या. एक लहान मूल बेशुद्ध पडलं. "वाचलं ना?" आई विचारते. "वाचलं," तुम्ही म्हणता. "पण झालं ते माझ्यामुळे." तुमचा हात गुडघ्यावर थरथरतो आहे, आणि आई विळी बाजूला सारून तो हात आपल्या हातात घेते. तुम्हाला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी केलीत, डबा घेतलात आणि त्याच खुर्चीवर जाऊन बसलात. चौकशी झाली, संपली. पुरुषांना हे झेपत नाही, असं तुम्हाला कुणी म्हणालं नाही.

मी उठून हॉलच्या दारात गेले. कंट्रोलरने गाड्या बघायच्या नसतात, म्हणून नजर फक्त माणसांवर ठेवली.

"हाथ कोई नहीं लगाएगा," मी म्हटलं. "गलती मेरी है, ठीक भी मैं करूँगी. पटरी पर."

"अरे बहनजी, आधा घंटा लग जाएगा."

"लगने दीजिए. आपके टाइम में आसमान से हाथ आता था क्या?"

ते राजमा रोडपाशी जाऊन उभे राहिले. मैत्रीण पॅसेंजरचं बटण धरून उभी होती. "ताई, मी थांबते. तुम्ही घ्या वेळ," ती म्हणाली, आणि माझ्यात बळ आलं. मी परत ओट्याशी येऊन बसले. कोळशाची मालगाडी उलटी ढकलत परत राजमा रोडला न्यायची होती, तिथली लूप लांब आहे आणि प्लॅटफॉर्मची लाइन वेगळी. "राजमा रोड, पॅसेंजर प्लॅटफॉर्म पर रहेगी, कोयला लूप में वापस लीजिए, धीरे." साडू खरंच कसलेले निघाले. एवढी लांब गाडी मागे ढकलताना एक चाक रुळावरून उतरू दिलं नाही त्यांनी. मग सिमेंटची कढीपूरहून पुढे घेतली, राजमा रोडच्या मेन लाइनवर. मग वाट मोकळी झाली. साडूंनी विचारलं, "अब कोयला छोड़ूँ? वो पहले से लेट है."

"नहीं," मी म्हटलं. "पहले पैसेंजर."

त्या पॅसेंजरमध्ये कुणीही बसलेलं नाही, बाबा. डबे रिकामे आहेत, प्लास्टिकचे आहेत, मला ठाऊक आहे. तरी मी तीच आधी सोडली आणि ती कढीपूर ओलांडून पोहेगंजला पोचल्याचा फोन येईपर्यंत पेन्सिल खाली ठेवली नाही. सेशन संपल्यावर साडू किन्नू सोलत बसले. माफी वगैरे काही मागितली नाही, तुम्हीही मागितली नसतीत. फक्त म्हणाले, "बैक करवाना सही फ़ैसला था. अगला सेशन कब है?" मी म्हटलं, "बताऊँगी. राजमा रोड आपका, कंट्रोल मेरा." मैत्रीण इतक्या जोरात हसली की डॉक्टरांच्या हातातला चहा सांडला.

तेव्हापासून मी विचार करते आहे. दारात तुम्ही मला नाही म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे तो माळ असेल, त्या घागरी असतील. माझा हात तसा थरथरू नये असं तुम्हाला वाटलं असेल. एवढं मला आता कळतं. पण कळलं म्हणजे पटलं असं नाही. तुम्ही मला ज्यापासून वाचवलंत ते तुमचं आयुष्य होतं, आणि ते तुम्हाला इतकं प्रिय होतं की निवृत्तीच्या दिवशी तुम्ही न जेवता झोपलात. ते सगळं, थरथरणाऱ्या हातासकट, मला हवं होतं. मुलगा असते तर तुम्ही मला जाऊ दिलं असतंत आणि परत आल्यावर पाठीवर हात ठेवला असतात. मी तुम्हाला माफ केलं आहे का, हे विचारू नका. मी गाड्या चालवते आहे, एवढंच सांगते.

हे मी एका जुन्या चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. सेशनचे कागद मी ठेवत नाही, रद्दीत जातात. हाही जाईल. कुणी वाचणार नाही म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, नवऱ्याला, मुलाला, त्या दिवशी साडूंनासुद्धा, की मुलाखतीला गेले असते तर माझी निवड झालीच असती. खरं म्हणजे मला माहीत नाही. कदाचित पहिल्याच प्रश्नाला माझी बोबडी वळली असती. झाली नसती निवड तर नसती झाली. पण ते मला जाऊन कळायला हवं होतं, बाबा.