दारापर्यंत न आलेल्या गाडीची व्यवस्था

लिहून ठेवणार: सौ. हेमा दत्तात्रेय विचारे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा निवृत्तिवेतन खाणे, राहणार विचारेवाडी, हातखंब्याच्या अलीकडे, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे, दात बहुतेक माझेच आहेत आणि गेल्याच महिन्यात माझं गाडीचं लायसन नवं होऊन आलं आहे, त्यामुळे डोळ्यांबद्दलही कुणी शंका काढू नये. माझ्यावर कुणाचा दाब नाही. ज्यांनी दाब टाकून पाहिला त्यांची नावं पुढे योग्य त्या कलमात येतील. सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात नोकरी करताना मी लोकांच्या मृत्युपत्रांच्या पुष्कळ नकला दिल्या. माणूस घर, कलमं, दागिने सगळं नीट वाटतो आणि ज्या एका गोष्टीवरून मागचे भांडणार असतात तीच लिहायची विसरतो. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे गाडी. म्हणून बाकीचं आधी उरकते.

१. राहतं घर, परसू आणि मागची हापूसची कलमं माझ्या नावावर आहेत. ती माझे यजमान दत्तात्रेय यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहावीत आणि त्यानंतर मुलगा अनिश व मुलगी अवनी यांनी निम्मी निम्मी घ्यावीत. हे हयात असेपर्यंत त्यांना ह्या घरातून कुणीही, कितीही प्रेमाने, हलवू नये. हे वाक्य अनिशसाठी आहे. पुण्यात त्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे हे मला ठाऊक आहे. पण लिफ्टने खाली उतरून ह्यांनी बघायचं काय? इथे ओटीवर बसले की निदान येणाराजाणारा हाक मारतो.

२. बँकेतल्या ठेवींतून आधी ह्यांचं औषधपाणी व्हावं. उरेल ते अवनीचं. सगळी व्यवस्था तिनेच पाहावी, कारण घरात सही करण्याआधी कागद वाचणारी माझ्याखेरीज ती एकटीच आहे. माझ्या बांगड्या सून नम्रता हिला. फोनवर ती आधी "आई, जेवलात का" विचारते आणि मग गाडीचा विषय काढते. अनिश जेवणाचं विचारतच नाही.

३. आता गाडी. एमएच शून्य आठ, पांढऱ्या रंगाची. म्हणजे मूळची पांढरी, सध्या जांभ्याच्या धुळीने तिला कुठला रंग म्हणावा ते बघणाऱ्याने ठरवावं. ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी मी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. ह्यांना रत्नागिरीला व्यायामासाठी न्यायचं म्हटलं की रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या, आणि एसटीच्या पायरीवर ह्यांचा डावा पाय चढेना. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला सायकलसुद्धा येत नव्हती. सगळी वाडी हसली. हसू दे म्हटलं.

शिकवलं विनोद भावजींनी. विनोद हे माझे चुलत दीर, शेजारच्याच घरात राहतात. मुंबईत बरीच वर्षं टेम्पो चालवून गावी परत आलेले. वरच्या सड्यावर, जिथे आपटायला कातळाशिवाय काही नाही, तिथे त्यांनी मला महिनाभर फिरवली. ते स्वतः लहान असताना ह्यांनीच त्यांना त्याच सड्यावर कुणाची तरी जीप मागून आणून शिकवलं होतं. भावजी मला एकदाही ओरडले नाहीत, फक्त हँडब्रेक धरून बसायचे. त्यांचं हे ऋण मी इथे लेखी मान्य करते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच लिहायचं आहे.

४. गाडीबरोबर जे जे आलं तेही वारसांना कळलेलं बरं. पहिले उंदीर. पावसाळ्यात ते बॉनेटखाली संसार थाटतात आणि वायरी खातात. डांबरगोळ्या ठेवून झाल्या, तंबाखूची पानं ठेवून झाली. उंदीर तंबाखू खायला लागले एवढाच फरक पडला. वायरी जोडायला हातखंब्याच्या नाक्यावर रितेश मेकॅनिक आहे. तो दर वेळी बॉनेट उघडून कपाळाला हात लावतो आणि "काकी, ह्याला आधी कोनी हात लावलान्?" असं विचारतो. दर वेळी मी त्याला सांगते, तूच. काम झाल्यावर एखादा स्क्रू उरतोच, आणि तो म्हणतो की हा जास्तीचाच असतो. असे जास्तीचे स्क्रू मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साठवले आहेत. ती बरणी रितेशला द्यावी. त्यातून त्याची अर्धी गाडी उभी राहील.

५. मागच्या डाव्या बाजूचा पोचा कुणीही दुरुस्त करू नये. तो देवळाजवळच्या पानवाल्या रामाचा आहे. बाई गाडी मागे घेताना दिसली की रत्नागिरी जिल्ह्यातला कुठलाही पुरुष हातातलं काम टाकून मागे उभा राहतो आणि "येऊं दे, येऊं दे" करायला लागतो. रामाने मला असंच येऊं दे, येऊं दे करत एसटीच्या शेडच्या खांबापर्यंत आणलं आणि आवाज झाल्यावर "बस" म्हणाला. आपण आधीच थांब म्हणालो होतो असं तो आजही शपथेवर सांगतो. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्याचं पान मात्र चांगलं असतं.

६. टपावरचा खड्डा यमुनाबाईंच्या फणसाचा आहे. गाडी रस्त्याच्या कडेला त्यांच्या झाडाखाली उभी राहते. एका दुपारी फणस पडला तशा त्या धावत आल्या. मला वाटलं, माझं नुकसान बघायला आल्या. त्यांनी फणस उचलून उलटसुलट करून पाहिला आणि तो फुटला म्हणून हळहळल्या. संध्याकाळी भाजी पाठवली, ती उत्तम होती. गाडीत सुक्या मासळीचा जो वास येतो तो हर्णैच्या लग्नाहून येताना "तुम्ही जाताच आहात तर" म्हणून डिकीत चढलेल्या पोत्याचा आहे. गाडीला गिऱ्हाईक येईल ह्या आशेवर कुणी असेल तर त्याने आधी काचा लावून आत बसून बघावं.

७. वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की गाडी फणसाखाली का, दारात का नाही. हेच ह्या मृत्युपत्राचं कारण.

रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत वाट आहे. तिच्या एका अंगाला पऱ्याचा ओढा, तिथे सरळ खाली उतार. दुसऱ्या अंगाला विनोद भावजींच्या हद्दीची चिऱ्यांची भिंत, आमच्याकडे तिला गडगा म्हणतात. वाटण्या झाल्या तेव्हा हा गडगा त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, एकट्याने रचला. तेव्हा वाटेवरून माणूस आणि डोक्यावरचा भारा गेला की पुरत होतं. माझी गाडी आरसे मिटूनही एका वितीने अडते. ती घेतल्यापासून आजतागायत एकदाही माझ्या दारात आलेली नाही.

मी भावजींना विचारलं. गडगा हातभर आत घ्या, बदल्यात मागचं एक कलम घ्या, दोन घ्या, असंही म्हटलं. भावजी खाली मान घालून म्हणाले, "वैनी, जमीन तेवढी मागू नको. बाबांनी मरताना माज्याकडून वचन घेतलानी, गडगा हलवायचा नाय. दादाला उचलायचा आसंल तर कदी पन हाक मार, मी हाय."

आणि ते खरोखर आले. एकदाही चुकले नाहीत. रस्त्याला हॉर्न दिला की भावजी शेतात असोत की जेवत असोत, हात धुऊन हजर. ह्यांना खुर्चीत बसवायचं, पुढून भावजींनी धरायचं, मागून जो मिळेल त्याने, आणि त्या गडग्याला घासत घासत घरी आणायचं. मागे धरायला आताशा कुणी सापडत नाही, पोरं सगळी मुंबईला; तेव्हा मागून मी धरते. ज्या माणसाने वाट अडवली तोच माझ्या नवऱ्याला उचलून त्या वाटेने आणतो. ह्याचा राग धरावा की पाया पडावं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. दोन्ही करते.

८. अनिशने तहसीलदारांकडे वाटेसाठी अर्ज टाकायचं ठरवलं होतं, वकीलही पाहिला होता. त्याला मी तेव्हा तोंडी सांगितलं, आता लेखी सांगते. गडग्यावरून माझ्या माघारी त्याने भावजींवर दावा लावला, तर कलमांतला त्याचा वाटा अवनीला जाईल. दाव्यात आपण जिंकूही. मग गाडी दारात येईल, आणि ह्यांच्याशी बोलायला ओटीवर कुणी येणार नाही. भावजी रोज संध्याकाळी येतात. ह्यांचे शब्द झटक्यानंतर जड झाले आहेत, बाहेरच्याला कळत नाहीत. भावजींना सगळे कळतात.

९. गेल्या माघात आम्ही हेदवीला दशभुजा गणपतीला जायचं ठरवलं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही जातो. मी गाडी धुऊन, हवा भरून तयार ठेवली. हे ऐन वेळी नको म्हणाले. मला वाटलं तब्येत. दोन दिवसांनी ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं, "हेमा, विन्याची कंबर गेली. पट्टा लावतो. शर्टाच्या आत. मला नको नेऊस आता कुठं."

मी त्यानंतर भावजींना नीट पाहिलं. खरं होतं. खुर्ची टेकवल्यावर ते पाठ फिरवून गडग्याला हात लावून उभे राहत. मला वाटायचं, दम खातात. ह्यांनी ते माझ्याआधी पाहिलं होतं. खुर्चीतून जाताना हे डोळे मिटून घेतात ते लाजेने, असं मी समजत होते. तेव्हापासून ह्यांचं बाहेर जाणं फक्त डॉक्टरांपुरतं उरलं आहे. मला ह्याचं फार वाईट वाटतं. इतकी वर्षं वायरी, पोचे, हायवेचं काम, आज उजवीकडून आणि उद्या डावीकडून वळवलेला रस्ता, सगळं सोसून मी जी गाडी चालवली ती ह्यांना बाहेरचं जग दिसावं म्हणून, आणि ते शेवटच्या शंभर पावलांपाशी अडलं. मी गेल्यावर हे कायमचे घरात कोंडले जातील, नाहीतर पुण्याला नेले जातील. ह्या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

१०. सबब, माझी गाडी, तिच्या दोन्ही चाव्या, विमा, स्टेपनी आणि आतला वास ह्यांसकट मी माझे चुलत दीर विनोद विचारे यांना देत आहे. अनिशला ती विकायची होती. "एवढ्या गंजलेल्या गाडीचं काकांनी काय करायचं?" असं तो फोनवर म्हणाला. चालवायचं, असं मी सांगितलं. पेट्रोल व दुरुस्तीचा खर्च अवनीने ठेवींतून द्यावा. माघात ह्यांना हेदवीला न्यावं.

११. वकिलांचा सल्ला होता की गाडी देताना गडगा मागे घेण्याची अट घालावी, म्हणजे काम पक्कं. मी नको म्हटलं. अटीवर दिलेली वस्तू भावजी हातात धरणार नाहीत. वचन त्यांनी त्यांच्या बाबांना दिलं आहे, मी त्यात पडणारी कोण? फक्त एक सांगते. माझ्या चुलत सासऱ्यांना मी चांगली ओळखत होते. ह्यांना शाळेत सोडायला ते पावसात पऱ्या ओलांडून खांद्यावर बसवून न्यायचे, हे मला सासूबाईंनी सांगितलं आहे. वाटण्या झाल्या तेव्हा चिडून त्यांनी गडगा घातला तो भावाला दिसावा म्हणून. ह्या पोराला खुर्चीतून न्यावं लागेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. हा भावजींना उपदेश नाही. भावजी हे कलम वाचून झाल्यावर विसरले तरी चालेल.

ह्या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच भावजींच्या हाती देणार आहे. लाभार्थी माणूस साक्षीदार नको, असं वकील म्हणाले, म्हणून त्यांची सही खाली नाही. यमुनाबाईंना मी काहीही दिलेलं नाही, तेव्हा त्यांची आहे.

१२. शेवटचं. माझ्या पडवीच्या कोपऱ्यात एक पहार आहे, आणि तिच्याशेजारी फावडं व घमेलं. तिन्ही वस्तू मी विनोद विचारे यांना देत आहे. त्यांचा वापर कुठे करायचा हे मी सांगणार नाही. चिरे मात्र जपून उतरवावेत, ते पुन्हा रचता येतात. बाकीच्यांनी आपापल्या वस्तूंसाठी माझ्या मरणापर्यंत थांबावं. पहार भावजींनी आजच नेली तरी माझी हरकत नाही.

येणेप्रमाणे सर्व मी स्वतः सांगितलं, स्वतः वाचलं आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

सही: हेमा दत्तात्रेय विचारे

साक्षीदार:
१. डॉ. ऋत्विक घाग, रत्नागिरी. (लिहून ठेवणार बाई पूर्ण शुद्धीवर असून मला गाडी नीट लावत जा असं त्यांनी आत्ताच बजावलं आहे.)
२. यमुनाबाई बने, विचारेवाडी.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १५ डिसेंबर २०२५