दारातली अख्खी लादी

रत्नागिरी,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय चिमा,

तुला, दीपकरावांना आणि सानवीला आशीर्वाद. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी हे वाच: आई बरी आहे. काल आमटीतल्या मिठावरून तुझ्या वहिनीशी भांडली, म्हणजे चांगलीच बरी आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "बरा हायस ना? आईला दे" यापलीकडे माझ्याशी बोलत नाहीस. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. शिवाय गोष्ट कामाची आहे आणि तिला नकाशा लागतो. मागच्या पानावर काढलाय, बघून घे.

गणपतीनंतर आई जुन्या न्हाणीच्या पायरीवर पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, ते तुला मी काय सांगणार? इस्पितळात तीन दिवस तूच तिच्या उशाशी होतीस. (त्या तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.) आता ती वॉकर धरून घरात फिरते. पण न्हाणी पडली बाहेर, तीन पायऱ्या उतरून. त्यामुळे तिची आंघोळ सध्या मागच्या पडवीत, स्टुलावर बसून, साडीचा पडदा लावून होते. रोज करवादते. "सत्तर वर्सं आब्रूनं न्हायले, आता कोंबड्या बघतायत," म्हणते.

म्हणून पडवीचा कोपरा बंद करून मी आत बाथरूम बांधलंय. भिंती झाल्या, पाइप झाले, आता राहिली फक्त लादी. आतून सहा फूट रुंद, नऊ फूट लांब. लादी आणली ती दोन बाय चारची मोठी, राखाडी, पाय घसरणार नाही अशी खरखरीत. मोठी का, तर सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात शेवाळ कमी.

आता मांडणी. रुंदीत तीन लाद्या बरोबर बसतात. लांबीत चार आणि चार आठ, वर एक फूट उरतो. म्हणजे फूटभर तुकड्यांची एक ओळ कुठेतरी येणारच. ती कुठे टाकायची, एवढाच प्रश्न.

पहिला मार्ग माझा. दारातून अख्ख्या लाद्या सुरू करायच्या, तुकडे मागच्या भिंतीला कमोडच्या मागे लपवायचे, आणि कोपऱ्यात पाणी जायला चौकोनी जाळी. दार उघडलं की अख्खी लादी दिसली पाहिजे, हे मी तीस वर्षं पाळत आलोय. दारात तुकडा म्हणजे लग्नात ठिगळाचा सदरा.

दुसरा मार्ग तुझा. मागच्या भिंतीला लांब जाळी टाकायची, तिथूनच अख्ख्या लाद्या सुरू करायच्या, ढाळ एकाच दिशेला, आणि तुकडे दारात. "मोठी लादी दोन बाजूंना वाकत नाय दादा, तिला एकच ढाळ दे," असं तू म्हणायचीस. तुझं गणित मला पाठ आहे.

खोली थोडी गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. दाराकडून मागे जाईपर्यंत दीड इंचाचा फरक पडतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण हे अंगण खरंच वाकडं आहे, पडवी आबांनी बांधलेली. त्याची काळजी नाही, एवढं मी डाव्या हातानं जिरवीन.

तसं माझं ठरलेलं आहे. कोपऱ्यातली जाळीही आणून ठेवलीय. अख्ख्या तालुक्यात दोन बाय चारची लादी माझ्यासारखी कोण लावतो? तरी म्हटलं, तुला विचारावं. आबा गेले तेव्हा तू सोळाची. माझी बिगारी म्हणून घमेलं उचलायला आलीस आणि वर्षभरात लादीची पातळी लावायला माझी दोरी धरायला लागलीस. एवढ्या वर्षांची सवय. लिहून कळव.

तुझा दादा,
सदू मिस्त्री

ता. क. अझीमभाईंच्या घरचं मी काढत नाही. तूही काढू नकोस. झालं ते झालं.



रत्नागिरी,
२ डिसेंबर २०२४

चिमा,

तुझं उत्तर सानवीच्या मोबाइलवरून आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की इथे पाठ लिहून दाखवतो. "मामा, आई म्हणते, मला विचारू नका. माझी दोरी चुकते हे अझीमभाईंच्या घरी तुम्हीच चारचौघांत सांगितलंत. आणि आई विचारते, दार आत उघडतं की बाहेर?"

पहिल्या दोन वाक्यांनी मला राग आला. शेवटच्या वाक्याकडे मी नीट बघितलंच नाही. मोजणी करायला बाथरूममध्ये उभा राहिलो, दार ढकललं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दार आत उघडतं. मीच तसं बसवायला सांगितलं होतं. आई आत पडली तर दाराला आडवी होणार, आणि आम्ही बाहेरून नुसते ढकलत बसणार. दाराची चौकट, लादी, सांधे, सगळ्याकडे मी पंधरा दिवस बघत होतो. आई त्यात कुठे आहे ते गुहागरात बसून तुला दिसलं.

सुताराला बोलावून दार त्याच दिवशी उलटं करून घेतलं.

मग आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आई, एक सांगायचंय. अझीमभाईंकडचं." तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाली, "मना कशाला सांगतंस? मी काय थयं दोरी धरलेली? जिला सांगायचं तिला सांग. आधी तिला लिव, मग लादी लाव. तवर मी हाय कोंबड्यांसमोर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी काही सांगितलेलं नसताना तिला काय माहीत होतं, ते तीच जाणे.

तर लिहितो. 

आठ वर्षांपूर्वी अझीमभाई कुवेतहून परत आले आणि त्यांनी घर बांधलं, तेव्हा बेडरूमला लागून असलेलं बाथरूम आपण दोघांनी केलं. दोरी तू बांधलीस. पातळी बघायची पाण्याची नळी दोन्ही टोकांना धरून, दोनदा तपासून, दाराशी पाऊण इंच वर. पाणी आत जाईल एवढा ढाळ. चोख होती. मी बघितली आणि मला कळलं की चोख आहे. पण त्या पाऊण इंचानं दारातली लादी बेडरूमच्या लादीपेक्षा वर येत होती. मला दोन्ही खोल्यांचे सांधे एका रेषेत, एका पातळीत हवे होते. अझीमभाईंनी फोटो काढावा आणि चार लोकांना दाखवावा, एवढीच हौस.

तू माडाखाली डबा खायला गेलीस. मी खिळा उपटला आणि पाऊण इंच खाली ठोकला.

तू परत आलीस, दोरीकडे बघून थांबलीस. म्हणालीस, "दादा, दोरी सैल झाली काय?" मी म्हणालो, "दोरी नाही, तुझे डोळे सैल झाले." तू हसलीस आणि माल कालवायला बसलीस. माझ्यावर एवढा विश्वास होता तुझा.

नव्या घराच्या दावतीच्या दिवशी साठ पाहुणे होते. कोणीतरी आंघोळीला गेलं आणि पाणी दाराखालून बेडरूममध्ये आलं, नव्या कपाटाखाली, नव्या गालिच्यावर. अझीमभाई ओरडले, "कोणी केलं हे?" मी तुझ्याकडे बोट केलं. म्हणालो, "दोरी हिनं धरली होती. बाईमाणसाच्या हातात दोरी दिली ही माझी चूक." लोक हसले.  तू तिथेच राहिलेली नळी गुंडाळलीस, माझ्या पिशवीत ठेवलीस आणि चालत घरी गेलीस. त्यानंतर तू लादीला हात लावला नाहीस. काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जातेस, आणि तुला अजून वाटतं की त्या दिवशी तुझा डोळा चुकला.

तुझा डोळा चुकला नव्हता, चिमा. एकदाही चुकला नव्हता. खिळा मी हलवला.

मला वाटलं होतं, एक दिवसाची गोष्ट आहे, आठवड्यात विसरेल. मग महिना गेला, मग लाज वाटायला लागली, मग लाजेवर मी मिजास चढवली. गेल्या पत्रातली ती सगळी बढाई वाचून तू काय म्हणाली असशील? तालुक्यात माझ्यासारखा कोण लावतो, विचारत होतो. खरं सांगू? तू गेल्यापासून मी ढाळ दोनदा-तीनदा तपासतो, तरी पाणी ओतून बघितल्याशिवाय घरी जात नाही. तू होतीस तेव्हा मी बघायचोसुद्धा नाही. लोक मला सदू मिस्त्री म्हणायचे, आणि पाणी पळायचं ते तुझ्या दोरीनं.

परवा अझीमभाईंकडे गेलो. ते आणि फरीदाभाभी ओट्यावर बसले होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अझीमभाई म्हणाले, "सदूभाई, ती लादी मी कधीच उखडून टाकली. पन त्या पोरीवर मी आवाज चढवलेला, तो कुठनं उखडू?" फरीदाभाभी म्हणाल्या, "तिला म्हणावं, आमच्या घरी चहाला ये. आणि तुम्ही सोबत आलात तर तुम्हाला चहा नाही." बरोबरच आहे त्यांचं.

तुझी माफी मागतो. माफ कर असं म्हणण्याचा हक्क मला आहे की नाही, ते तू ठरव. पण तू माफ करशील की नाही यावर तुझा हात अवलंबून नाही. तो चोख आहे. ते निदान आज रात्री झोपताना लक्षात ठेव.

आता कामाचं. कोपऱ्यातली जाळी दुकानात परत केली, मागच्या भिंतीसाठी लांब जाळी आणली. अख्ख्या लाद्या मागून सुरू होतील, ढाळ एकच, आणि फूटभर तुकडे दारात. पाय आत टाकताना आईला अख्ख्या लादीचं काय कौतुक? तिला पाय कोरडा हवा. अंगणात लाद्या सुक्या मांडून बघितल्या. दारात तुकडे दिसले आणि मला, चक्क मला, ते छान वाटले. तुझ्या वहिनीनं डोकं तपासून घ्यायला सांगितलंय.

पण मी दोरी बांधणार नाही. आईचं म्हणणं आहे, "चिमा दोरी धरील तरच त्या लादीवर पाय ठेवीन." माझंही तेच म्हणणं आहे. दुसरा मिस्त्री मी आणणार नाही आणि माझ्या हातानं ती खोली होणार नाही. तू नाही आलीस तरी तुला दोष नाही, त्याचं उत्तर मी आईला देईन.

आलीस तर रविवारी ये. तवसाळहून सकाळच्या फेरीबोटीनं जयगडला उतर, मी धक्क्यावर स्कूटर घेऊन उभा असेन. बोलली नाहीस तरी चालेल. तुझी पाण्याची नळी पिशवीतून काढून मी माजघरात खिळ्याला टांगली होती, आठ वर्षं तिथेच आहे. कालच आतून धुतली, नवं पाणी भरून बघितलं, कुठे गळत नाही.

दोरी तू बांध. तू डबा खायला गेलीस तरी मी त्या खिळ्याकडे बघणारसुद्धा नाही. मी सिमेंट चाळीन, माल कालवीन, घमेली उचलीन, आणि तू म्हणशील तेव्हा पाणी ओतीन.

वाट बघणारा,
तुझा बिगारी
सदू