छत्री न उघडणारा महापुरुष

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (वाकलो होतो, पण कंबर निम्म्यातच अडून बसली, तेव्हा उरलेला गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी खुशाल आहे की पुरता अडकलोय, हेच मला कळेनासं झालंय. शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात, तेव्हा माझ्या प्रत्येक उत्तरावर तुमचा एकच प्रश्न असायचा, "पुरावा काय?" तो प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा मानगुटीवर बसलाय, म्हणून तुम्हालाच लिहितो.

झालं असं की आमचे मोठे साहेब कुठल्याशा शिबिराहून परतले आणि छत्र्यांच्या कारखान्यात देश घडवायचं त्यांनी मनावर घेतलं. "माणूस घडला की देश घडतो" ही पाटी आता जिन्यात आहे, कॅन्टीनमध्ये आहे आणि (कुणाचं डोकं चाललं देव जाणे) संडासाच्या दारावरही आहे. नवा नियम असा की कुणी कुणाचा साहेब नाही. हुकूम सोडायचा नाही, "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं. मी दांडे बसवणाऱ्या कारागिराला विचारलं. तो म्हणाला, मला घरी जावंसं वाटतं, आणि गेला की हो! त्याला परत बोलावलं तर तो हुकूम ठरेल का, यावर बैठका चालू आहेत. चहासुद्धा सर्वांच्या मताने येतो, म्हणजे गार येतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण युवा सेवेची एक तुकडी वर्षभरासाठी आमच्याकडे आली, आणि तिच्यात माझी लेक. तुम्हाला ठाऊकच आहे, घरात ती मला पंख्याइतकंच विचारते. चालू असलो तर दुर्लक्ष, बंद पडलो तर वैताग. साहेबांनी फर्मावलं (म्हणजे "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारून फर्मावलं) की मी सगळ्यांत जुना, तेव्हा रोज सकाळी या पोरांना कारखान्याचा स्फूर्तिदायक इतिहास सांगावा. आता कारखान्याचा इतिहास काय, तर मालकांच्या सासऱ्यांनी घेतलेलं काळं कापड खपेना, म्हणून त्याच्या छत्र्या केल्या. यातून देशाने काय शिकायचं? मी घाम पुसत उभा होतो, तेवढ्यात लेकीनेच सगळ्यांसमोर विचारलं, की साहेब (कारखान्यात ती मला साहेब म्हणते, घरी काहीच म्हणत नाही), तो भिंतीवरचा फोटो कुणाचा?

मामा, तो फोटो तुमचा. सायकलला टेकलेला, छाती काढलेला, झुपकेदार मिशीतला. आईच्या ट्रंकेत होता. भिंतीला ओल आली होती, तो डाग झाकायला मी लावला. पण सगळी पोरं टक लावून बघत होती, लेकही बघत होती, आणि "ओल झाकायला" असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, हा आपला पहिला गोदामरक्षक. वादळात गोदामाचं छप्पर उडालं तेव्हा हा दिवसभर ताडपत्री धरून उभा राहिला. भोवती शेकडो छत्र्या, पण त्या विक्रीच्या म्हणून या पठ्ठ्याने एकही उघडली नाही.

अहो, पोरांचे डोळे पाणावले! साहेब तर उठून उभे राहिले. तेव्हापासून सगळंच विचित्र चाललंय. माणसं वेळेवर येतात. घरी गेलेला कारागीर आपण होऊन परत आला. पाऊस आला तरी कुणी छत्री उघडत नाही, त्यामुळे अख्खा पॅकिंग विभाग शिंकतोय आणि साहेब त्याला कार्यसंस्कृती म्हणताहेत. लेकीने तुमच्या शिष्येसारखं विचारलं, याला पुरावा काय? मी फोटोच्या काचेवरची धूळ पुसायला लागलो, तर म्हातारा वॉचमन आपणहून पुढे आला. म्हणाला, पुरावा मी, ताडपत्रीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं! आता तो खोटं बोलतोय म्हणावं तर मी काय बोललो? रोज ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलंय की असं काहीतरी घडलं असावं.

आणि मामा, काल लेकीने स्वतः चहा करून मला दिला, समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, अजून सांगा ना त्यांच्याबद्दल." किती वर्षांनी! खोट्यातून माणसं घडली तर ती खरी घडली म्हणायची की नाही? तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हीच सांगा. माझं डोकं चालत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. पुढच्या आठवड्यात तुम्ही डोळे दाखवायला इकडे येताय, असं मामींनी कळवलंय. तेव्हाच सभागृहाला त्या महापुरुषाचं नाव देऊन फोटोचं अनावरण आहे. तर कृपा करून येऊ नका. डोळे काय, महिनाभर थांबतील.

ता. क. दुसरा. येणं टळतच नसेल तर एक लक्षात असू द्या, त्या भिजण्याने तुम्हाला न्यूमोनिया झाला होता. त्यात तुम्ही वारलात. राग मानू नका, गोष्टीला शेवट हवा होता.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार, एवढ्यात लेक डोकावून गेली. म्हणाली, "मामाआजोबांना लिहिताय ना? मग विचारा त्यांना, तरुणपणी मिशी होती का. आणि म्हणावं, अनावरणाला या, मी स्टेशनवर घ्यायला येते." हसत म्हणाली की रागाने, ते मला कळलं नाही, पण जाताना माझा गार झालेला चहा गरम करायला घेऊन गेली. तेव्हा मामा, वरचे दोन्ही ता. क. खोडले असं समजा. या.