ताईच्या खिडकीतली वायर

मी, खाली सही करणारी, न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. दिले नसते तरी ते होतेच. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. आयुष्यभर मी इतरांची भांडणे टिपून घेतली. बहुतेकांचे मूळ एखाद्या मोघम वाक्यात असे, म्हणून इथे मोघम काही नाही.

१. राहते घर मुलाला. त्यातला गळका नळही त्यालाच. तो दुरुस्त करतो असे तो मला सांगत आला आहे. यापुढे स्वतःला सांगावे.

२. बँकेतली ठेव मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. बांगड्या सुनेला. टाइपरायटर कोणालाच नको आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तो पुसून ठेवावा.

३. माझी दोन आसनांची, विजेवर चालणारी जुनी स्पोर्ट्स कार सुनेला द्यावी. मुलाला नाही. कारण सविस्तर लिहिते.

ही गाडी मी निवृत्तीनंतर एका दंतवैद्याकडून घेतली. त्यांना तीत बसता येई, उतरता येत नसे. मला येते, कारण कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पाठ ताठ ठेवून आणि गुडघे जुळवून उठायला शिकवले.

डोंगरापलीकडे माझी थोरली बहीण एकटी राहते. माझ्या लग्नाआधी ताईने माझ्या सासरी सांगितले होते, “मुलगी फटकळ आहे.” ते खरे होते, म्हणूनच राग टिकला. पुढे आम्ही फक्त लग्ना-मयताला भेटलो. भावजी गेले तेव्हाही भेटून लगेच परतायचे, असे ठरवूनच मी निघाले. पण घाटाने बॅटरी पार रिकामी केली. गाडी तेव्हा फक्त घरातल्या साध्या प्लगवर भरायची. ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आत घेतली.

“किती वेळ लागेल?”

“सकाळ होईल.”

“मग काय वायरीपाशी उभी राहणार आहेस? हातपाय धू, पानं घेते.”

तेव्हापासून मी दर महिन्याला जाते आणि राहते. मुक्काम गाडीचा असतो, असे आम्ही दोघी धरून चालतो.

पुढे बॅटरी माझ्याबरोबर म्हातारी झाली. एका दमात घाट होईना. वाटेतल्या खानावळीत प्लग होता, तिथे जेवणाच्या वेळात थोडी वीज भरून घेई. एके दिवशी तो प्लग काढून तिथे फास्ट चार्जर उभा केला. त्याचे तोंड माझ्या गाडीला बसेना. तिथला माणूस म्हणाला, “आजी, ही गाडी आता घरीच ठेवा.” मी त्याची आजी नाही. गाडीच्या कंपनीला विचारले, तर नवी घ्या म्हणाले. ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “मग आता?” बसने जाता आले असते. पण बस संध्याकाळी परत निघते, आणि मग राहायला कारण उरत नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या बॅटरीवाल्याने गाडीला फास्ट चार्जिंग बसवायचे काम घेतले. डिकीत नवे सॉकेट, तिथून बॅटरीपर्यंत जाड केबल, आणि चार्जरशी बोलणारी एक पेटी. कारण हे चार्जर अनोळखी गाडीला वीज देत नाहीत. पहिल्या खेपेला चार्जरने चक्क नकार दिला. बॅटरीवाला म्हणाला, “तुमच्यासारखाच आहे बाई. ओळख पटल्याशिवाय बोलत नाही.” ओळख पटायला महिना गेला. डिकीत आता एकच पिशवी मावते. ती ताईची.

मुलाने कपाळाला हात लावला. “आई, गाडीची किंमत ती मूळची आहे यातच होती. असला कापलेला पत्रा कोण घेणार?”

“माझा उजवा गुडघाही मूळचा नाही. मलाही गिऱ्हाईक मिळणार नाही.”

माझ्या पश्चात सगळे उपटून, पत्रा बुजवून गाडी एका हौशी संग्राहकाला विकायची, असे तो सुनेला सांगत होता. सुनेने चहाडी केली नाही. भिंत पातळ आहे.

४. माझा वीज मोजायचा मल्टिमीटर आणि रबरी हातमोजे बॅटरीवाल्याला. ज्याला काही ठेवले त्याची साक्ष घेऊ नये, म्हणून इथे त्याची सही नाही. तो रुसला आहे. हातमोजे मिळाले की कळेल.

५. कंपनीवरचा राग मुलाला देते. गाडी विकायची नसल्यामुळे त्याला वेळ असेल. ‘आजी’ म्हणणाऱ्याला माफ केले. ताईवरचा राग केव्हाच संपला, पण हे तिला कळवू नये. डोक्यावर बसेल.

६. आता गाडीच्या अटी. ताई आहे तोवर गाडी विकू नये आणि नवे सॉकेट काढू नये. सुनेने दर महिन्याला ताईकडे जावे. फास्ट चार्जरवर गाडी काठोकाठ भरू नये, आणि बॅटरी तापली असेल तर आधी निवू द्यावी. ताईच्या माघारी गाडीचे काय करायचे, ते सुनेने एकटीने ठरवावे.

ताईकडे मात्र जुनीच वायर लावावी, गरज नसली तरी. फास्ट चार्जिंग बसवून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा परतण्याइतकी वीज गाडीत होती आणि दुपारच होती. ताई खिडकीत उभी होती. म्हणाली, “आता काय, चहा घेऊन निघशील.” मी वायरीचे टोक तिच्या हातात दिले. रात्रीची पाने घेईपर्यंत गाडीवरचा दिवा हिरवा झाला. हिरवा म्हणजे पोट भरले, हे ताईला माहीत आहे, आणि तो दिवा तिच्या जागेवरून समोरच दिसतो. तिने उठून पडदा ओढला.

“अजून बराच वेळ लागेल ना?”

“सकाळ होईल,” मी म्हणाले.

सुनेनेही तेवढेच म्हणावे.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. मी त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर, एवढेच त्यांचे काम.

साक्षीदार : १. ताईचे डॉक्टर (सही)
२. ताईच्या शेजारच्या शिंपीणबाई (सही)

मृत्युपत्र करणारी : (सही)

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

स्थळ : ताईचे स्वयंपाकघर. काय लिहितेस, असे तिने विचारले. गाडीचे कागद, असे सांगितले आहे.