ट्रे मी लावतो

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.५०
आजपासून रोजनिशी. पुढे कंपनी मोठी झाली की सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत, म्हणून.

विद्यापीठाने फंड जाहीर केला आहे. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात नेण्यासाठी. नोटीस बोर्डावर लावायला मीच गेलो, त्यामुळे सगळ्यांच्या आधी वाचली. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमचा लेप यासाठीच जन्माला आलेला आहे. गळक्या टाकीला आतून लावला की गळती बंद. आम्ही सिमेंटच्या चकत्यांवर लेप देतो, सात दिवस पाण्यात ठेवतो, मग मशीनवर पाण्याचा दाब. शंभरात शहाण्णव टिकतात. फंडाची अट नव्वदची.

अर्जात ‘संघातील सदस्य’ असा रकाना आहे. ओळी चार. एक मॅडम, दुसरी पीएचडी करणारी ताई. उरल्या दोन.

संकल्प : रोज लिहिणे. कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर कोण होणार, हे मॅडमना योग्य वेळी विचारणे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
काल लिहिलं नाही. कारण होतं.

मामांचा निरोप आला. त्यांच्या पंपांच्या दुकानात कायमची जागा आहे, शुक्रवारपर्यंत कळव. इथली माझी नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. वहिनी म्हणाली, "भावोजी, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका." दादाने ताटातून मान वर न करता विचारलं, बारावी नापासाला मॅनेजर कोण करणार? शिक्षण वेगळं आणि हुशारी वेगळी, हे त्याला कळत नाही. तो पदवीधर आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मॅडमना विचारलं. त्या पावडरीचं वजन करत होत्या. "बघू" म्हणाल्या. मॅडम उगाच ‘बघू’ म्हणणाऱ्यांतल्या नाहीत.

मामांना ‘नाही’ म्हणून कळवलं.

माझ्या कामाची कोणाला कल्पना नाही, म्हणून इथे नोंदवतो. दर वेळी साठ चकत्या करतो. मशीनला चाळीस लागतात, वीस जादाच्या. टाकीतून काढणे, पुसणे, चाळीस निवडून ट्रे लावणे, हे सगळं मी. जिच्यावर केसाएवढी चीर दिसेल, ती मी ट्रेमध्ये ठेवत नाही. आई पाहुण्यांपुढे टवका उडालेला कप ठेवते का? हे मला कोणी शिकवलेलं नाही, उपजत आहे.

तडकलेल्या फेकत मात्र नाही. प्रत्येकीवर मी नंबर घातलेला असतो, आणि नंबर घातलेली वस्तू माझ्याच्याने फेकवत नाही. तारीख लिहून बेसिनखाली खोक्यांत.

सोमवार, १७ फेब्रुवारी
अर्ज गेला. सदस्य दोनच. खाली ‘सहायक कर्मचारी : १’. म्हणजे मी आहे, आकड्यात आहे. नाव पुढच्या फेरीत येत असावं.

सोमवार, ३ मार्च. दुपारी १२.३०
पहिल्या चाळणीतून पार. पुढच्या सोमवारी समिती येणार. पत्रात एक वाक्य आहे, ते चार वेळा वाचलं. चाचणीच्या चाळीस चकत्या समिती स्वतःच्या हाताने टाकीतून काढील. आजच फंडाच्या ऑफिसचा माणूस आला आणि आम्ही साठ चकत्या पाण्यात सोडल्याबरोबर झाकणाला कुलूप लावून, वर पट्टी चिकटवून सही करून गेला. किल्ली त्याच्याकडे.

पत्र पाचव्यांदा वाचलं. नंतर शांतपणे विचार केला. चीर हा चकतीचा दोष, लेपाचा नाही. तरीही मॅडमना हा बारीकसा तपशील उद्या सांगून टाकावा.

मंगळवार, ४ मार्च
सांगितलं नाही. मॅडम गुणगुणत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. अशा वेळी तपशील सांगू नयेत.

ताईकडून कळलं की हा फंड नाही मिळाला, तर जूनमध्ये ही खोली दुसऱ्या विभागाला जाणार. मग मॅडमनी फक्त शिकवायचं. ताईची दोन वर्षं पाण्यात. माझं काय, ते ती बोलली नाही.

उद्या नक्की.

गुरुवार, ६ मार्च
आज सांगायलाच गेलो होतो. तोंड उघडण्याआधी मॅडमनी समितीला द्यायचा मजकूर हातात ठेवला. म्हणाल्या, ऱ्हस्व-दीर्घ तूच बघ, तुझ्याइतकं इथे कोणाला येत नाही. अकरा चुका काढल्या. ‘शहाण्णव टक्के’ या ओळीपाशी जरा थांबलो. शुद्धलेखन बरोबर होतं.

संकल्प : समिती गेल्यावर सांगणे.

सोमवार, १० मार्च. सकाळी ७.१०
टाकीच्या काचेतून पाहिलं. चिरा मोजल्या. एकोणीसपर्यंत मोजून थांबलो. काच जुनी आहे, ओरखडे असतील.

सोमवार, १० मार्च. दुपारी ३.००
अक्षर नीट येत नाही, त्याबद्दल खेद.

समितीत तिघे. एकाचा टाक्यांचा कारखाना आहे. त्याने बाह्या सरसावून पाण्यात हात घातला आणि न बघता चाळीस काढल्या. पंचवीस टिकल्या. मॅडम म्हणाल्या, मशीनचं काहीतरी बिघडलं असणार. मशीन तपासलं. ठीक होतं. पुन्हा लावलं. पंचवीसच. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

कारखानदाराने विचारलं, एरवी ट्रे कोण लावतं?

मी हात वर केला. चिरा, जादाच्या वीस, सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, समजून घेतील. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"किती दिवस हे चाललंय?"

"दोन वर्षं, मॅडम. टवका उडालेला कप आपण पाहुण्यांपुढे ठेवत नाही ना."

कारखानदार म्हणाला, "बाळा, टाकी पाहुण्यांसाठी नसते. ती घरात राहते."

मंगळवार, ११ मार्च
मॅडमनी बोलावलं. काढून टाकणार, या तयारीने डबा न घेताच गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, तडकलेल्या कुठे टाकल्यास? मी बेसिनखालची खोकी ओढून काढली. सतरा.

मॅडम फरशीवर बसल्या. ताईने तारखांप्रमाणे रांगा लावल्या. दुपारपर्यंत दिसलं ते असं : तडकलेल्या बहुतेक सोमवारच्या. सोमवारी आम्ही शनिवारी कालवून ठेवलेला लेप वापरतो. शिळा. ताजा लेप टिकतो. ताई म्हणाली, हे दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर. मॅडम म्हणाल्या, आता कळलं. आवाज सरळ होता, पण चकती हातातून खाली ठेवत नव्हत्या.

बुधवार, १२ मार्च
मामांना फोन केला. जागा भरली. वहिनीच्या भावाला घेतलं. वहिनीने मला काही न बोलता वाढलं, त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

मॅडमनी फंडाला पत्र लिहिलं. अर्ज मागे घेत आहोत, शहाण्णव हा आकडा खोटा ठरला आहे, छापलेले दोन लेखही मागे घेऊ. तपासायला माझ्याकडेच दिलं. त्यात लिहिलं आहे : चकत्यांची निवड चुकीची झाली, ती माझ्या देखरेखीखाली झाली, जबाबदारी सर्वस्वी माझी.

माझं नाव कुठे येतं ते बघितलं. पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. खाली ‘सहायक कर्मचारी : १’ हेसुद्धा नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

मग पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन देऊन आलो.