नव्या इंजिनातलं जास्तीचं तेल

बाबा, आपल्या बागेत आता नवा ट्रॅक्टर आहे. तुमच्या ट्रॅक्टरसारखा थोराड नाही, बुटका. संत्र्याच्या दोन ओळींतून फांदीला धक्का न लावता निघून जातो. तुमच्या नातवाने हट्टाने घेतला आणि मी नागपूरला शोरूममध्ये त्याच्यासोबत गेले होते. तिथला माणूस चाव्या हातात देताना सांगत होता, पहिले पन्नास तास जोर देऊ नका, पन्नास तास झाले की तेल बदला, नव्या इंजिनातला बारीक कीस तेलात उतरतो. पोरगा हो हो म्हणत फोटो काढत होता. ऐकत मी होते. लोक नव्या गाडीला हळदीकुंकू लावतात, मला मात्र तिच्याजवळ जायची भीती वाटत होती. का, ते तुम्हाला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

मी सहावीत होते. शाळेत जायच्या आधी तुमच्या ट्रॅक्टरचं तेल बघायचं काम माझ्याकडे. काडी ओढायची, फाटक्या बनियनने पुसायची, परत घालायची, परत काढायची, दोन खुणांच्या मध्ये तेल आहे की नाही ते सांगायचं. तुम्ही शिकवलं होतंत, "गाडी समान जागेवर उभी पाहिजे, उतारावर नाही, इंजिन बंद पाहिजे, अन् एक चहा होऊ द्यायचा. तेल खाली उतरते, मंग काडी खरं बोलते." त्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलन होतं. पांढरा फ्रॉक घातला होता, इस्त्री केलेला. तुम्ही मोरीतून ओरडून विचारलंत आणि मी अंगणातून ओरडून सांगितलं, "बरोबर आहे!" काडीला हातसुद्धा लावला नव्हता. रात्रीतून तेल गळून खाली डबकं झालं होतं, तेही मी पाहिलं नाही. दुपारी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वावरात इंजिन जाम झालं.

संध्याकाळी मी चुलीजवळ जेवत होते. तुम्ही दारातच उभे राहून एकदाच विचारलंत, "सकाळी पाह्यलं होतं ना वं?" मी हो म्हटलं. तुमच्या मागे आपला डायवर उभा होता, मला खांद्यावर बसवून पोळा दाखवणारा. तोच म्हणाला, "पोरीनं पाह्यलं म्हणते तं पाह्यलंच असन, मालक. माह्याच ध्यानात नाही आलं." दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला काढलंत. तो काटोलच्या एसटीत बसला तेव्हा मी फाटकाशी उभी होते, आणि त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. अहो बाबा, त्या माणसाने हात हलवला हो!

तर हा नवा ट्रॅक्टर आला आणि मला चैन पडेना. पोरगा फवारणी करून दुपारी जेवायला येतो, विहिरीजवळच्या उतारावर सावलीत ट्रॅक्टर लावतो आणि हातपाय धुवायला जातो. एके दिवशी तो ताटावर बसला तशी मी मागच्या दाराने गेले, काडी काढली. इंजिन तापलेलं, गाडी तिरपी. तेल खालच्या खुणेच्याही खाली! वाटलं, आता हेही जाम होणार, आणि या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत. कोठीत जादा तेलाचा डबा होता. पेलाभर ओतलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगा हसला असता, "आई, तू गाडीची सासू हायेस का?" म्हणाला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, पुन्हा कमीच. समान जागा, बंद इंजिन, एक चहा, सगळं मला पाठ होतं. पण भ्यायलेल्या माणसाला एक चहा होईपर्यंत थांबवतच नाही. अक्कल गहाण ठेवल्यासारखी मी ओतत गेले.

आज सकाळी ट्रॅक्टर सुरू केला तसा निळसर धूर निघाला. बागेत नुसता कोंडला. पोराने लगेच बंद केला, सपाट जागेवर ढकलत आणला, थोड्या वेळाने काडी काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, आणि त्यावर फेस. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. त्याने मेकॅनिकला फोन लावला. तिकडून आवाज मोठा येत होता, "चालू नका करू भाऊ आता. असा कितीक दिवस चालला? एकदोन दिवस असन तं जास्तीचं काढून टाकू, इषय संपला. त्याच्यावर असन तं खोलूनच पाहा लागन, सील गेले असन तं इंजिन जाईन." फोन ठेवून पोरगा लालबुंद झाला. "त्या शोरूमवाल्या पोट्ट्यानंच जास्तीचं भरून देल्लं! थांब, त्याची नोकरीच घालवतो."

नोकरी म्हटल्यावर मला काटोलची एसटी दिसली. मी बोलले. "त्यानं नाही रे. मीच ओतलं." "काहून आई? मले इचारायचं तं असतं!" मग माझा चेहरा बघून जवळ आला, पाणी दिलं, म्हणाला, "जाऊ दे, घाबरू नको. कितीक दिवस टाकलं, तेवढं सांग."

मी म्हटलं, दोन दिवस.

त्याने सुटकेचा श्वास टाकला. मेकॅनिकला तसं कळवलं आणि आता बाहेर ओसरीवर निवांत शीळ घालतो आहे. मेकॅनिक तासाभरात येईल, जास्तीचं तेल काढेल, खोलून न बघताच जाईल, आणि उद्या माझा पोरगा त्याच ट्रॅक्टरवर बसून बागेत जाईल. मी स्वयंपाकघरात पोळपाटावर कागद ठेवून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही दारात येऊन विचारणार नाही.

फाटकाशी मोटारसायकल थांबली बघा. पाच दिवस ओतलं, बाबा.